सान हासिंतोला नको

“आणि हे सान हासिंतो? नकाशात तर अगदी हाकेच्या अंतरावर दिसतंय,” अम्पारोबाईंनी बोट ठेवून विचारलं.

नेरेइदाचं उत्तर ओठांवर तयार होतं. तीन वर्षं ती या रिसॉर्टच्या सहलींच्या टेबलामागे बसत होती आणि तीन वर्षं या प्रश्नाला तिचं एकच उत्तर होतं. सध्या तिकडे नको, वातावरण बरं नाही. एवढं म्हटलं की पाहुण्यांचं बोट आपोआप मागे सरायचं. मग नेरेइदा हॉटेलची बस जाते ती तीन गावं दाखवायची. तिथल्या दुकानदारांशी हॉटेलचं साटंलोटं होतं. सान हासिंतोशी नव्हतं, बस्स. तिथं काही वाईट घडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. फार तर जत्रेत बँडवाल्यांची आपसात जुंपायची.

नेरेइदा सान हासिंतोचीच. रोज सकाळी तिथूनच कामावर यायची.

चर्चच्या मागे तिच्या आईची खाणावळ होती. गाव आईला दोन्या कूका, म्हणजे कूकाबाई, म्हणायचं. एके काळी तिथं टेबल मिळायची मारामार. आत येणारा माणूस जेवणाऱ्या सगळ्यांना ‘प्रोवेचो’, सावकाश जेवा, म्हणत जागा शोधायचा. आता म्हणायचं तरी कुणाला? गावातले मासेमार हॉटेलात कामाला लागले आणि तिथंच जेवू लागले. पाहुणे येतील म्हणून कूकाबाईंनी हौसेनं दोन टेबलं वाढवली होती. पाहुणे आलेच नाहीत.

कूकाबाईंनी कधी कुणाला बोल लावला नाही. लावला तो स्वतःच्या हातांना. “माझ्या हाताची चव गेली बघ,” त्या नेरेइदाला म्हणायच्या. मिरची बदलून झाली, मिरचीवालाही बदलून झाला. स्वयंपाकघरातल्या, स्वयंपाक्यांच्या कैवारी संत पास्कुआलपुढे मेणबत्त्या लावून झाल्या. आज सकाळी त्यांनी सांगून टाकलं, सोमवारी खाणावळ बंद करून किल्ल्या मोबाइलच्या दुकानवाल्याला देणार. मग कोळंबीच्या रश्श्याचा चमचा लेकीपुढे धरला. “खरं सांग, काय कमी आहे?”

काहीच कमी नव्हतं. “मीठ थोडं,” नेरेइदा म्हणाली. तेवढंसुद्धा तिला खरं बोलता आलं नाही. कामावर येताना वाटभर तिला स्वतःची लाज वाटत होती.

अम्पारोबाई पुएब्ला शहरातल्या निवृत्त शिक्षिका. पाच दिवसांच्या मुक्कामाचं त्यांनी तासांच्या वेळापत्रकासारखं वेळापत्रक आखलं होतं. त्यांचे यजमान एवेलिओ शेजारी जांभया देत उभे होते.

“मला आपलं वाळूत पडू दे. गावं तू बघ,” ते म्हणाले.

“पडायचंच होतं तर घरचा सोफा काय वाईट होता?” बाईंनी त्यांना गप्प केलं आणि नेरेइदाकडे वळल्या. “हे बघ पोरी, ते छापील कागद ठेव बाजूला. तू स्वतः कुठं जेवतेस, ते सांग.”

व्यवस्थापक ओल्गिन दहा पावलांवर फोनवर बोलत होते. मागच्या हंगामात एका मुलीनं पाहुण्यांना बाहेरची टॅक्सी सुचवली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीत दुसरी मुलगी बसलेली. नेरेइदाच्या पगारावर घर चालत होतं. सोमवारनंतर तर नुसत्या पगारावरच चालणार होतं.

तिनं आवाज खाली आणला. “सान हासिंतोलाच जा. चर्चच्या मागे निळ्या दाराची खाणावळ आहे, माझी आई चालवते. कोळशावरचा मासा मागा. आणि इथं कुणाला सांगू नका.”

“नवऱ्याला तरी सांगू ना?” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नेरेइदाचं कामात लक्ष नव्हतं. एका कुटुंबाला तिनं भलत्याच बसचं तिकीट दिलं. दुपारी ऊन उतरू लागलं तेव्हा अम्पारोबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. उन्हानं नाक लालबुंद झालेलं.

“कसं होतं जेवण?” नेरेइदानं घाबरत विचारलं.

“कसं म्हणून काय विचारतेस? यांनी अख्खा मासा संपवला आणि माझ्या ताटातला ओढला. तीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाला कधी एवढं नावाजलं नाही.”

नेरेइदाला एकदम हलकं वाटलं. आता आईला पटेल, हातात काही खोट नाही. किल्ल्यांचंही कदाचित टळेल. आणखी चार जणांना पाठवता येईल, जपून, एकेकाला. “आई खूश झाली असेल,” ती म्हणाली.

“तेच तर मला कळलं नाही बाई. वाढेपर्यंत हसत होती. निघताना मी म्हटलं, तुमच्याच मुलीनं पाठवलं आम्हाला. तर तिनं हातातली ताटं खाली ठेवली. माझा हात धरला आणि तुला निरोप दिला.”

“काय?”

“म्हणाली, ‘आता पुन्हा कुणाला पाठवू नकोस म्हणावं. दोन माणसं आलेली खपून जातात, जास्त आली की हॉटेलवाले विचारतील. पाहुण्यांना रोज जे सांगतेस तेच सांगत जा.’” बाईंनी चष्मा वर सरकवला. “तू रोज काय सांगतेस, मला काही ठाऊक नाही. पण ती म्हणाली, ‘मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मीच तिला कळू दिलं नाही.’”