आखणीचे दोन तास

"दोन वाजले. जा गो नमू, बस दारात," काळुराम म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं.

नमिताने उंबऱ्याबाहेर पाट टाकला. जोहे गावातल्या त्या गणपतीच्या कारखान्यात आता चार वाजेपर्यंत चिमणीनेही हळू बोलायचं होतं. सासरे आखणीला बसले होते.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. केसाएवढी रेघ चुकली तर देव रागावलेला दिसतो, नाहीतर पेंगुळलेला. आणि गणपती गाडीत चढेपर्यंत आखणीच्या खोलीत दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही, ही त्या घराची जुनी रीत.

दुपारचा नियम मात्र यंदाचाच. होळी झाल्यावर एकदा जेवता जेवता काळुराम म्हणाले होते, "आता वय झालं. लक्ष लागत नाय. रोज दोन ते चार मला हाक मारायची नाय. फोन तांदळाच्या डब्यात. राखणीला नमू बसंल."

"मी बसते की!" सीताबाई म्हणाल्या.

"तू? तू दोन तास गप बसलीस त खाडी आटंल."

सगळे हसले. सीताबाई सगळ्यांत जोरात.

"मग भांडी कोण घाशील?"

"चारनंतर. भांड्यांचा आवाज होतो."

"मामा, मग मी नुसती बसून करू काय?" नमिताने विचारलं.

"काय पण कर. आवाज नको."

पहिल्या दिवशी तिने मुंग्यांची रांग बघितली. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतलं पुस्तक काढलं. तलाठ्याच्या परीक्षेत गेल्या वर्षी ती तीन गुणांनी राहिली होती. चुलीवर दूध, कडेवर पोर आणि हातात पुस्तक, असला तो अभ्यास. रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेला तिचा नवरा मिथुन म्हणाला होता, "आता एकच खेप गो. नाय झालं त सोड."

परत बसू का, असं सासऱ्यांना विचारलं तर ते सुपारी कातरत म्हणाले होते, "मला काय कळतंय त्यातलं?"

आता रोज दोन तास तिचेच. पोर आजीबरोबर शेजारी. काळ-काम-वेगाची गणितं ती ओठांतल्या ओठांत सोडवायची. चार मजूर, सहा दिवस, एक विहीर. शेजारची गोदूबाई एकदा कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीची बातमी घेऊन धावत आली. नमिताने ओठांवर बोट ठेवलं. बिचारी सगळी बातमी पोटात घेऊन तशीच माघारी फिरली.

चार वाजले की सीताबाईंचा गळा मोकळा होई. त्या अंगणातूनच सुरू करत:

"दारी बसली राखण, सून माझी गो शहाणी,
बुकामंदी नाक तिचं, कोण भरील गो पाणी!"

"भरते, आत्या!" म्हणत नमिता हसत उठे.

काळुराम बाहेर येत तेव्हा त्यांच्या गालावर गोणपाटाची नक्षी उमटलेली असे. किती वाकून वाकून काम करतात, तिला वाटे. पहाटेही तिला जाग येई ती त्यांच्या खोकल्याने, त्याच खोलीतून. म्हाताऱ्या माणसाला झोप कुठली!

आज मात्र पुस्तकात जीव लागेना. उद्या रोह्याला परीक्षा होती. परवा रोह्याचाच व्यापारी तीनशे गणपती न्यायला टेम्पो आणणार होता. सकाळी तिने विचारलं होतं, "मामा, किती राहिल्या?"

"हायत अजून," एवढंच बोलून ते बाहेर गेले होते.

म्हणजे उद्याही आखणी. उद्या दारात कोण बसणार? आत्या? पहिल्या पाच मिनिटांत दोन ओव्या आणि चार हाका. हात हलला, डोळा बिघडला, तर वर्षाची मेहनत व्यापारी माघारी पाठवील. ज्या माणसाने इतके दिवस तिच्या भरवशावर दार लावलं, त्याला ऐन वेळी उघड्यावर टाकून जायचं?

तीन वाजता तिने पुस्तक मिटलं. मग डोळे पुसले आणि पाट उचलला.

'मामा, उद्या मी जात नाय,' हे वाक्य ओठांवर घेऊन तिने पहिल्यांदाच ते दार लोटलं.

फळ्यांवर तीनशे गणपती बसले होते. तीनशेही तिच्याकडे बघत होते, पाणीदार, टपोऱ्या, हसऱ्या डोळ्यांनी. कोपऱ्यात धुऊन ठेवलेल्या कुंचल्यांवर कोळ्याने जाळं विणलं होतं. आणि खाली गोणपाटावर, तांब्या उशाशी घेऊन, काळुराम निवांत झोपले होते.

दाराच्या करकरीने ते हलले. डोळे न उघडताच कुशीवर वळत पुटपुटले, "चार वाजले काय गो? ती विहीर खणून झाली काय तुझ्या मजुरांची?"