तळाशी कालवलेलं तूप

"बघू तरी जेवणाचे कसले नखरे आहेत हिचे," म्हणत मंदाकिनीबाईंनी डॉक्टरांनी दिलेली पट्टी कपाळाला बांधली. तशीच पट्टी लेकीच्या, ऋजुताच्या कपाळावर होती. आता घास आईच्या तोंडात जाणार, पण लागणार लेकीला लागतो तसा.

दवाखान्यात आणलेला डबा घरचाच होता, वरणभाताचा. पहिल्याच घासाला त्यांच्या अंगावर काटा आला. भात मेलेल्या अळ्यांसारखा जिभेला चिकटला. पोट सुजल्यागत वाटलं, स्वतःच्याच दंडावरचं मांस ओरबाडून काढावंसं वाटलं. आणि या सगळ्यावर तो ओशट, घशात बसणारा तुपाचा वास!

लेकीच्या अंगावर मांस चढावं म्हणून तूप त्यांनीच भाताच्या तळाशी चोरून कालवलं होतं, रोजच्यासारखं. "तिला काय कळतंय," असं नवऱ्याला हसून सांगायच्या.

त्या भडाभडा ओकल्या. ऋजुताने सराईतपणे भांडं पुढे धरलं.

"तुला तूप कळत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग खायचीस कशाला गं?"

"तू समोर बसून बघत असायचीस ना, आई."

मंदाकिनीबाईंनी पट्टी ओरबाडून काढली. किळस तिथल्या तिथे गेली.

ऋजुतानेही आपली पट्टी काढली. तिची किळस कुठेच गेली नाही.