काकूंच्या नाकाची परीक्षा

“काकू, उद्या तुमच्या नाकाची परीक्षा घेणारेत!” मार्कवालीनं चपला काढता काढता सांगून टाकलं.

“घेऊ देत की! मी काय त्यांच्या बापाला भिते?” काकू म्हणाल्या. “बस. दूध ठेवलंय, चहा टाकते.”

पहिल्याच दिवशी काकूंनी तिला दारात अडवून विचारलं होतं, “मार्कांसाठी आलीस ना?” पोरगी खोटं बोलली नाही, हो म्हणाली. तेव्हापासून अख्ख्या गल्लीची ती मार्कवाली झाली.

विद्यापीठ आणि गल्ली यांनी मिळून अभ्यास काढला होता. कारखान्याच्या धुरांड्यातून वास कधी सुटतो, किती सुटतो, ते नोंदवायचं. वास मोजायचं यंत्र महाग आणि नाकं फुकट, म्हणून घरोघरी एकेक नाक नेमलं. पुढे नाकं गळायला लागली. कुणाचा जावई कारखान्यात, कुणाला कंटाळा. उरल्या एकट्या काकू.

मार्कवाली रोज यायची. काकू आतल्या खोलीच्या खिडकीशी जाऊन यायच्या आणि सांगायच्या, “लिही, सौम्य.” नाहीतर, “लिही, कडक.” ती फोनवर नोंद करायची. वाऱ्याच्या दिशेशी ताडून पाहिलं, तर एकही नोंद चुकलेली नव्हती. असं नाक लाखात एक, असं तिचे सर सगळ्या वर्गाला सांगायचे.

आतल्या खोलीत काका असायचे. लकव्यानं त्यांची वाचा गेली होती. काही हवं असलं की खाटेच्या दांडीवर वाटी आपटायचे. आत्ताही ती ठणठण वाजली.

“आले, आले! ह्यांना मेला दम म्हणून नाही.” काकू आत गेल्या आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या. “लिही, कडक.”

मार्कवालीनं लिहिलं. थोड्या वेळानं तिलाही ठसका लागला. मग तिनं एकदम उडी मारली. “काकू, दूध!”

पातेल्याचा तळ करपून काळा झाला होता. घरभर वास पसरला होता.

“बोलण्याच्या नादात गेलं बघ,” काकूंनी गॅस बंद केला. “बिनदुधाचा पी आता.”

“काकू, मी लिंबू आणलंय, साबण आणलाय, रॉकेल आणलंय. डोळे मिटून ओळखा ना. जरा सराव होईल.”

“परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडतं ते ढ पोर. सराव-बिराव काही नको.”

“चेष्टा नाही हो! कारखान्याचे साहेब म्हणतात, म्हातारीला भास होतात. उद्या तुम्ही चुकलात तर पालिका गल्लीची तक्रार फेटाळेल. धुरांड्याला गाळणी कधीच बसणार नाही. आणि काका दिवसभर त्या धुरात...” मार्कांचं तर ती केव्हाच विसरली होती.

“म्हणून तर जाणार,” काकू म्हणाल्या. “मुक्याची साक्ष कुणी घेत नाही. माझी कशी घेत नाहीत ते बघतेच.”

दुसऱ्या दिवशी तक्रारीच्या सुनावणीला पालिकेचं सभागृह गच्च भरलं. साहेबांनी टेबलावर तीन बरण्या मांडल्या. काळ्या काचेच्या, घट्ट झाकणांच्या.

“या बाई आमच्याकडेच कामाला होत्या,” ते अध्यक्षबाईंना म्हणाले. “काढून टाकलं म्हणून आमच्यावर खुन्नस आहे. त्यांनी एवढंच सांगावं, कुठल्या बरणीला कसला वास येतोय.”

“झाकण मी उघडणार,” काकू म्हणाल्या. “तुमचा हात नको.”

त्यांनी पहिली बरणी नाकाशी धरली. दीर्घ श्वास घेतला. “काही वास नाही.”

“अजून दोन आहेत,” साहेब हसून म्हणाले.

दुसरी बरणी. “हिलाही नाही.”

“नीट घ्या हो,” साहेब गोड आवाजात म्हणाले. “घाई नाही. तिसरीला तरी जळल्यासारखा येत असेल? उग्र?”

काकूंनी तिसरी बरणी हुंगली आणि टेबलावर दाणकन ठेवली. “नाही म्हणजे नाही. नसलेला वास कुठून आणू?”

संपलं, मार्कवालीला वाटलं. नाक ऐन वेळी दगा देऊन बसलं. काल हट्टानं सराव करून घेतला असता तर! तिचे डोळे भरून आले.

पण साहेबांचं हसू मावळलं होतं. ते घाईघाईनं बरण्या आवरायला लागले.

“थांबा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “काय होतं यांत?”

“तो मुद्दा नाही, मॅडम...”

“काय होतं?”

साहेब टायशी चाळा करत राहिले. मग पुटपुटले, “पाणी.”

“तिन्हींत?”

“तिन्हींत. भास होतात की नाही ते बघायचं होतं.”

सभागृहात एकच हलकल्लोळ उडाला. गल्लीतले लोक बाकांवर उभे राहिले. कुणीतरी ओरडलं, “हात दाखवून अवलक्षण!” अध्यक्षबाईंनी टेबल वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि निकाल दिला: काकूंच्या सगळ्या नोंदी ग्राह्य. गाळणी बसेपर्यंत भट्टी बंद.

सरांनी काकूंना वाकून नमस्कार केला. मार्कवालीनं तर जिन्यातच त्यांना मिठी मारली. “काय नाक आहे हो तुमचं, काकू! दुसरं कुणी असतं तर भीतीपोटी काहीतरी ठोकून दिलं असतं. तुम्ही मात्र खरं तेच बोललात.”

“खरंच बोलले मी.” काकूंनी मागेपुढे पाहिलं आणि तिचा कान आपल्या तोंडाशी ओढला. “अगं, त्यांच्याच भट्टीपुढे उमेदीची वर्षं काढली, तिथंच माझं नाक मेलं. करपलेलं दूधसुद्धा कळत नाही मला.”

मार्कवालीनं त्यांचा पदर धरला. “म्हणजे... एवढ्या सगळ्या नोंदी?”

“त्या ह्यांच्या,” काकू पायऱ्या उतरत म्हणाल्या. “वाटी एकदा वाजली की सौम्य, ठणठण वाजली की कडक. नाक ह्यांचं, तोंड माझं.”