लाल फिती

दसरा होऊन चार दिवस झाले, तरी डोंगरावर गवत अजून छातीला लागत होतं. त्यात पायवाट कुठे संपते आणि कडा कुठे सुरू होतो, हे गावच्या माणसालाही चटकन कळत नाही. खाली काशीदच्या मैदानात हिरामण वर डोळे लावून उभा होता. साडेनऊ वाजून गेले, तरी शर्यतीतल्या साठांपैकी एकही जण उतरला नव्हता. त्यांतच त्याची कल्पिता होती. पोरगी धावायला जाते म्हणाली, तेव्हा त्याला वाटलं, रस्त्यावरून धावेल.

"पयला आठालाच येनार व्हता ना?" त्याने शर्यत भरवणाऱ्याला तिसऱ्यांदा विचारलं.

"काका, घाबरू नका. कड्याच्या प्रत्येक वळणावर कालच लाल फिती बांधल्यात. त्या बघत उतरायचं. चुकायचा प्रश्नच नाही."

हिरामणने सदऱ्याच्या खिशातून लाल फितींचा गुंता बाहेर काढला.

"मना वाटला, जमिनी घ्यायला मोजनीवाले परत खुनेच्या फिती बांधून गेले. पहाटेच सोडल्या मी. वर आता येकपन न्हाय."