कुडूचं विमानभाडं

"सात लाख चाळीस हजार," दीपेशने आकडा दोनदा वाचला आणि कागद फिरवून महादेवासमोर ठेवला.

"निसत्या डोक्याचं?" शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, चंद्रावतीने विचारलं.

"नुसत्या डोक्याचे, काकू. म्हणजे मान आणि शिंगं धरून."

कळंबोलीच्या स्टील मार्केटमागे दीपेशचं ऑफिस होतं. परदेशातून आलेला माल सोडवून घरपोच करायचा, हा त्याचा धंदा. यंत्रं, फरश्या, एकदा तर चर्चची घंटासुद्धा त्याने सोडवली होती. शिकारीचं डोकं मात्र पहिल्यांदाच.

डोकं होतं कुडूचं. कुडू म्हणजे आफ्रिकेतलं घोड्याएवढं हरीण, पिळदार शिंगांचं. महादेवाचा मुलगा परेश तिकडे नोकरीला होता. गेल्या वर्षी नवराबायको महिनाभर त्याच्याकडे राहून आले. तेव्हा परेशने दोघांना एका खासगी रानात नेलं होतं, जिथे फी भरून रीतसर शिकार करता येते. ती फी दोन लाखांच्या आत आटोपली होती.

"चार आण्याची कोंबडी आन बारा आण्याचा मसाला," चंद्रावती म्हणाली आणि पर्स उजव्या खांद्यावरून काढून डाव्या खांद्याला लावली. आफ्रिकेहून आल्यापासून तिचा उजवा खांदा अधूनमधून ठणकायचा.

दीपेशने बोटांवर मोजून दाखवलं. डोकं भरून तयार केल्याचे पैसे, औषधाने जंतू मारल्याचे, जनावरांच्या डॉक्टरच्या दाखल्याचे, दोन्हीकडच्या परवानग्यांचे, विम्याचे. "आणि पेटी. शिंगं अशी वाकडी, की पेटी कपाटाएवढी होणार. विमानवाले अशा मालाचं वजन नाही बघत काका, जागा बघतात. जहाजाने न्हावा शेव्याला आणू या का? दीड-दोन लाख वाचतील."

"किती दिस?"

"तीन महिने धरून चाला."

"नाय जमणार. पुढच्या म्हयन्यात वास्तुशांत हाय. विमानानंच आण." महादेवाने चेकबुक काढून टेबलावर ठेवलं. माणूस असा, की एकदा बोलला म्हणजे विषय संपला. नेरे गावातल्या नव्या बंगल्यात त्याने दिवाणखान्याची एक अख्खी भिंत मोकळी सोडली होती. वर दिवासुद्धा बसवून घेतला होता.

गाव येताजाता त्या भिंतीबद्दल विचारायचं आणि महादेव आपल्या शिकारीची गोष्ट सांगायचा. खोडा घातला तो एकट्या दयारामने. दयाराम महादेवाचा चुलतभाऊ, जिभेला हाड नसलेला. एका लग्नाच्या भर पंगतीत त्याने विचारलं होतं, "मारलंस, का फोटो काढून आलास रं?" महादेवाने तिथेच, हातात घास तसाच धरून, शब्द दिला होता. वास्तुशांतीला डोकं भिंतीवर दिसेल. नाही दिसलं तर चारचौघांत दयारामची माफी मागीन. आता डोकं आलं नाही, तर महादेवाचं नाक कापलं जाणार होतं.

"फोटो बघू ना काका," दीपेश म्हणाला.

महादेवाने मोबाइल पुढे केला. कुडूची शिंगं दोन्ही हातांनी धरून तो गुडघ्यावर बसला होता आणि तोंडभर हसत होता. कडेला हिरव्या साडीचा पदर तेवढा दिसत होता. त्यापलीकडचा भाग कापून टाकलेला.

"बाप रे! कितीवरून मारला?"

"शंभर पावलं. एकच गोळी. जागच्या जागी बसला, हाललापन नाय."

"सत्तर," चंद्रावती म्हणाली. "शंभर नाय, सत्तर पावलं व्हती."

दीपेशला हसू आलं. त्याच्या घरीही आई बाबांना अशीच भर गोष्टीत टोकायची. महादेव मात्र एकदम घड्याळाकडे बघायला लागला.

"एवढं पैसं घालून काय भिंतीची पूजा करायची?" चंद्रावतीने पुन्हा लावून धरलं. "आमच्या बाबांनी शेतात दहा रानडुकरं लोळवली. एकाचंपन तोंड भिंतीवर नाय टांगलं. राहूं दे ते तिकडंच."

"तू गप गं. पैसं माझं, शब्द माझा."

"शब्द तुमचाच," ती म्हणाली.

महादेवाने चेक लिहिला. रुबाबात सही ठोकली. दीपेशने चहा मागवला आणि अर्ज भरायला घेतला. शेवटच्या पानावर तो थांबला.

"आता इथे शिकाऱ्याची सही. शिकारीच्या परवान्यावर ज्याचं नाव, त्याचीच लागते. त्याशिवाय पेटी तिकडून हलवत नाहीत." फायलीतून त्याने परेशने पाठवलेला परवाना काढला आणि नाव वाचून हसायलाच लागला. "काय काका! लोक घरं बायकोच्या नावावर घेतात, स्टॅम्प ड्युटी वाचते म्हणून. तुम्ही कुडूसुद्धा काकूंच्या नावावर घेतलात? तिकडेपण बायकांना सूट आहे की काय?"

महादेव हसला नाही. त्याने अर्ज बायकोपुढे सरकवला.

"कर सही," तो म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता.

चंद्रावतीने चष्मा लावला. अर्ज सावकाश वाचला. दीपेशने दिलेलं पेन हातात घेतलं आणि नवऱ्याचा मोबाइल उचलून त्याच्यासमोर धरला.

"करते की. पन पयलं दयारामभावजींना फोन लावा. गोळी कोनी मारली ते तुमच्या तोंडून ऐकूं द्या त्यांना."