हेरिंग का घटले?

२००९ च्या मे महिन्यात मत्स्यतज्ज्ञ सुहासिनी ओटावाहून न्यू ब्रन्सविकमधल्या एका धरणावर आली. अंडी घालायला समुद्रातून नदीत येणारे हेरिंग मासे का घटले, याचा रिपोर्ट तिला द्यायचा होता. माशांना धरण चढता यावं म्हणून बांधलेली पायऱ्यांची शिडी कोरडी ठणठणीत होती.

"हिचं पाणी का बंद केलंय?" तिने मॅनेजरला विचारलं.

"चार वर्षांत एक मासा वर गेलेला नाही. पाणी कशाला वाया घालवायचं?"

"आणि बंद कधी केलंत?"

"झाली की चार वर्षं."

धरणाखाली शेकडो मासे भिंतीवर धडका देत होते. सुहासिनीने ओटावातल्या आपल्या साहेबांना फोन लावला. "घाई नको," साहेब म्हणाले. "ऑक्टोबरमध्ये कमिटी बसेल, तेव्हा बघू."

मॅनेजर जेवायला गेल्यावर तिने सगळा जोर लावून शिडीत पाणी सोडायचं चाक फिरवलं, आणि तो परतायच्या आत पुन्हा बंद केलं. पुढे दहा दिवस ती रोज दुपारी तेच करत राहिली.

ऑक्टोबरमध्ये वरच्या तळ्यात हेरिंगची हजारो पिल्लं सापडली. कमिटीचे अध्यक्ष खूश झाले. "शिडी बंद असतानाही मासे वाढले! म्हणजे धरणाचा दोष नाही. पाडून टाका ती शिडी."

सुहासिनी उभी राहिली. "शिडी बंद नव्हती, सर. मी उघडत होते."

"कोणाच्या परवानगीने?"

कमिटीला मासे घटण्याचं कारण काही सापडलं नाही. वाढण्याचं सापडलं, आणि तिला त्याच दिवशी नोकरीवरून काढलं.