वीदाच्या अंगणातला अर्धा पेला

चौकातल्या खांबावर आयव्हीच्या वेलीची हिरवी डहाळी लटकली, की स्लोव्हेनियातल्या क्रास भागातल्या त्या गावात साऱ्यांना कळायचं, वीदाने घरची वाईन विकायला अंगण उघडलं. लग्नाआधी गावातल्या राडोचा तिच्यावरच जीव होता, आणि अजूनही तो दरवर्षी न चुकता तिच्याकडे जायचा. त्याच्या बायकोच्या, दानित्साच्या, अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. "साऱ्या स्लोव्हेनियात द्राक्षं काय तिच्याच दारात पिकतात?" दानित्साच्या हातची वाईन मात्र राडो घरी रोज एक शब्द न बोलता प्यायचा आणि बाहीने मिशा पुसून उठायचा. बरी म्हणायचा नाही, वाईटही म्हणायचा नाही.

यंदा राडोचा गुडघा धरला, तेव्हा त्या वाईनीत एवढं आहे तरी काय ते बघायला दानित्साच तणतणत वीदाकडे गेली. वीदाने पेला भरून पुढे ठेवला. एक घोट घेतला आणि दानित्साला मनापासून आनंद झाला.

"आंबट आहे गं तुझी वाईन!"

"काहीतरी नवीन सांग," वीदा फणकारली. "तुझा नवरा दरवर्षी अर्धा पेला तसाच ठेवतो आणि म्हणतो, माझ्या दानित्साच्या हाताची चव तुला जन्मात जमायची नाही. ऐकून ऐकून कान किटले माझे."

दानित्सा तडक घरी आली.

"काय, आंबट निघाली ना?" राडोने हसत विचारलं.

"माझ्या वाट्याचे गोड शब्द एवढी वर्षं त्या बाईच्या अंगणात सांडून आलास होय रे?" दानित्सा कडाडली. "त्यापेक्षा तिचा मुका घेतला असतास तरी परवडलं असतं!"